सालपे घाटाच्या माथ्यावर चालू ठेवलेलं इंजिन

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यातही तुम्ही खोट काढली असती. पण काल सालपे घाटाच्या माथ्यावर तुमच्या बिऱ्हाडगाडीत बसून मी चहा प्यालो, आणि तेवढा वेळ इंजिन चालू ठेवलं. मी! हे तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगू?

पल्टनीतून पेन्शनीवर आलात आणि आलेल्या पैशातून शेत घेण्याऐवजी जुनी मिनीबस घेऊन आलात, तेव्हा सगळं लोणंद हसलं होतं. सीटा उपटून तुम्ही दोन बाकं ठोकली, शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. आतली वायरिंग मी केली, आणि तुम्ही माझा एकेक जोड ओढून बघितला. सासऱ्यानं जावयाचे जोड ओढून बघावेत? मला राग आला होता. एकही निघाला नाही, हेही तुम्ही मोठ्यानं कधी म्हणाला नाहीत.

पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडून उघडून मी त्यांत नवी तार गुंडाळायचं रिवायंडिंग शिकलो. शाळा नाही, सर्टिफिकेट नाही. आज आमच्या कुंडल भागात माझं काम परत येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुमच्या बॉनेटला हात लावला की तुम्ही म्हणणार, "पाव्हणं, पंपाच्या मोटारीला गियर नसत्यात."

आणि ऑईल कुठलं घालता, असं विचारलं की, "गाडीला चालतंय त्येच." ही काय माहिती झाली, मामा?

त्याचंच सगळं झालं. तुमच्या मागं तुमचा विलास सुट्टीवर घरी आला आणि त्यानं गाडीचं ऑईल बदललं. दुकानातला सगळ्यात महागाचा डबा घेतला. मला फोनवर म्हणाला, "दाजी, आबांच्या गाडीत हलकं कशाला घालू?" तुमच्या फोटोला त्यानं जसा मोठ्यातला हार आणला, तसंच हे. पोराच्या मायेत कुठं कमी नव्हती. डब्यावर काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचलं नाही.

थोड्याच दिवसांत गाडी निळा धूर सोडायला लागली. इंजिनाच्या मागच्या अंगानं गळती सुरू झाली. गाडी तापली की ऑईल प्रेशरचा काटा मान टाकायचा आणि लाल दिवा लुकलुकायचा. गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिनाचं काम निघालंय, त्यापेक्षा काढून टाका. गिऱ्हाईकही त्यानंच आणलं. विलासची सुट्टी संपत आलेली. तो म्हणाला, "दाजी, तुमीच बघा आता. न्हाईतर देऊन टाका, उभी राहून सडंल."

पण सुनीतानं मला सांगितलं, आई दुपारची गाडीत जाऊन बसते. न पेटवलेली शेगडी पुसत बसते. औंधच्या यमाईला तुम्ही दोघं दर वर्षी याच गाडीतून जायचा, पायथ्याला मुक्काम करायचा. यंदाचं काय, असं सुनीतानं विचारलं, तर मामी म्हणाल्या, "गाडी गेली तर एस्टीनं जायाचं न्हाई मला. ऱ्हाऊ दे मग."

हे ऐकलं आणि मी गिऱ्हाइकाला आठवडाभर थांबवलं. दुकान बंद ठेवून लोणंदला आलो.

पहिल्यांदा दिव्यावर आणि काट्यावर विश्वास ठेवला नाही. दुसरा मीटर जोडून बघितलं. काटा खोटं बोलत नव्हता, गरम इंजिनात प्रेशर खरंच पडत होतं. मग विलासनं आणलेला डबा शोधून चष्मा लावून वाचला. ऑईल उत्तम, पण नव्या पेट्रोल गाड्यांचं. तुमचं जुनं डिझेल इंजिन! नंबर ५डब्ल्यू-३०. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. तापल्यावर ते इतकं पातळ होतं, की तुमच्या इंजिनाच्या झिजलेल्या फटींतून आणि जुन्या सीलांतून वाट काढणारच. बर्फातल्या गाडीचं ऑईल लोणंदच्या उन्हात घातलं होतं आपण.

गॅरेजवाला म्हणाला, मग जाडात जाड घाला, गाडी विकेपर्यंत धूर दबेल. ते मी केलं नाही. तसलं ऑईल पहाटेच्या गारठ्यात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं घासतं. आणि मला काही दाबायचं नव्हतं, खरं काय ते कळायला हवं होतं.

२०डब्ल्यू-४० घेतलं. साधं, डिझेलचं, डब्यावर डिझेलच्या खुणेचं पहिलं अक्षर सी. फिल्टर नवा टाकला. जुनं ऑईल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिलं. अंगणात गाडी चालू केली तर काटा ताठ. पण थंड इंजिनात काटा कुणाचाही ताठ असतो. आता खरी भीती होती, मामा. योग्य ऑईल घालूनही काटा पडला, तर इंजिन संपलंय हे मलाच जाऊन मामींना सांगावं लागणार होतं.

म्हणून मामींना विचारलं, मामा गाडीची तब्येत कशी बघायचे?

"कशी म्हंजे? घाट चढला की बाजूला उभी करायचे. गाडी चालूच. मला म्हणायचे, च्या टाक. आन् च्या हुईस्तोवर त्या काट्याकडं टक लावून बसायचे. मी म्हणायची, आवं, जरा इकडं बी बघा की."

मी डोक्याला हात लावला. त्या घाटावर मी तुमच्याशी कितीदा भांडलोय! "मामा, गाडी बंद करा, डिझेल काय फुकट येतंय का?" तुम्ही नुसते हसायचा. ती तपासणी आहे, एवढं एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? की जावई आपला आपण कधी ओळखतो, ते बघत होता?

काल निघालो. मामी, सुनीता आणि मी. टपावरची पाण्याची टाकी मुद्दाम काठोकाठ भरली, इंजिनाला ओझं कळू दे म्हणून. घाट चढून गाडी बाजूला घेतली. चालूच ठेवली. मामींनी न सांगता शेगडी पेटवली.

काटा थोडा खाली आला. आणखी थोडा आला, आणि थांबला. थांबला तो थांबलाच. दिवा लागला नाही. मी उतरून मागं गेलो, निळा धूर नाही. खाली वाकून बघितलं, तर एक थेंब पडलेला. एकच. जुन्या गाडीचा तेवढा हक्क मी मान्य केला.

वर आलो तर मामींनी कप पुढं केला. "हुबा हाय का काटा?"

"हाय, मामी."

त्यांनी आधी चहा संपवला. मग कप विसळता विसळता म्हणाल्या, "मग बंद करा की आता. डिझेल काय फुकट येतंय का?"

सुनीता हसली. मामीही हसल्या, तुमच्या मागं पहिल्यांदाच. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

हे औंधहून लिहितोय. मामी डोंगरावर दर्शन घेऊन आल्या, आता त्यांच्या बाकावर गाढ झोपल्यात. विलासचा फोन येऊन गेला. विचारत होता, माझ्यामुळं झालं का? मी म्हणालो, ऑईल चांगलंच होतं, गड्या, फक्त या गाडीचं नव्हतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलंय.

तुम्हाला शब्द देतो, मामा. मामींना औंधला यावंसं वाटेल तोवर ही गाडी कुणाच्या दारात जाणार नाही. ऑईल मी वेळेवर बदलीन, डबा वाचून. विलासलाही वाचायला शिकवीन, तुमच्यासारखा नुसता हसत बसणार नाही. आणि दर खेपेला घाटाच्या माथ्यावर, चहा होईपर्यंत, इंजिन बंद करणार नाही.

तुमचा,
पंपाच्या मोटारीवाला पाव्हणा