माझ्या बाजूचा ब्रेक

३ मार्च, सोमवार

नोव्हेंबरनंतर एकदम आज. चूक झाली, मान्य. कारण विचारशील तर आळस, दुसरं काही नाही. आता तरी का लिहितेय? डोकं फुटतंय, आणि घरात ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही. कागदाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, एवढ्या एका गुणावर तुझी निवड झाली आहे.

तर — मी कोला सोडला. कालपासून. दिवसाला चार कॅन. (इथे तरी खरं लिहावं. पाच. उकाड्यात सहा.) चहा-कॉफी मला कधीच आवडली नाही, म्हणून वीस वर्षं मी स्वतःला निर्व्यसनी समजत आले. लोकांना तसं सांगतही आले, हातात कॅन धरून!

हे झालं जाऊबाईंमुळे. मोठ्या दिरांचे डोळे मधुमेहाने अधू झाले आहेत. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, आणि हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाडी दारात आहे, चालवायचे ते भाऊजीच. म्हणून जाऊबाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकायला घेतलं. माझ्याकडेच. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या बाईने दुसरं काय करावं?

दोनदा नापास झाल्या. मागच्या वेळी थांबायच्या रेषेवरून गाडी सरळ पुढे गेली. परीक्षकाने विचारलं, "बाई, थांबवायची कोणी?" तर म्हणे, "शेजारचे थांबवतात." आम्ही तीन दिवस हसत होतो.

आता हसण्यासारखं नाही. पुतण्याने मुदत घातली आहे. या महिन्यात आईला लायसन्स मिळालं नाही तर घर विकायचं आणि दोघांनी त्याच्याकडे राहायला जायचं. तिसऱ्या मजल्यावर, सुनेच्या वेळापत्रकात. जाऊबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा मी ह्यांना हाताला धरून चालत नेईन."

परीक्षा एकोणीस तारखेला. काल मी म्हटलं, "चढावर गाडी अडली की तुम्ही रडता, ते बंद करा." त्या म्हणाल्या, "मग तुझे ते डबे बंद. ह्यांच्याकडे बघतेस ना? मी रडत नाही, तू पीत नाहीस. कबूल?"

भाऊजी आतून ओरडले, "दोघी हरणार!"

४ मार्च, मंगळवार

उजव्या डोळ्यामागे कोणीतरी सुतारकाम काढलं आहे. रंधा मारून झाला, आता खिळे.

५ मार्च, बुधवार

सगळे म्हणतात भरपूर पाणी प्या. प्यायले. आता आमचे शिकवणीचे रस्ते पेट्रोल पंपाच्या संडासांवरून ठरतात. जाऊबाईंना पार्किंगचा सराव मात्र उत्तम होतोय.

माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो — शिकवणाऱ्याच्या बाजूचा. एरवीही मी तो बऱ्यापैकी वापरते, पण आज कहर झाला. मांजराला बघून दाबला, मांजर भिंतीवर होतं. एका माणसाला बघून दाबला, तो दुकानाच्या आत होता. मग रस्त्यावर काहीतरी हललं आणि मी दोन्ही पायांनी दाबला. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या.

"पिशवी होती गं," जाऊबाई म्हणाल्या.

"दिसली मला."

"मग तिला का एवढं जपलंस?"

घरी नवऱ्याने विचारलं, मीठ कुठे आहे. यावर मी जे बोलले ते त्याच्या आईच्या वळणापासून सुरू झालं आणि आमच्या लग्नापर्यंत आलं. तो शांतपणे म्हणाला, "एक कॅन आणू का? तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी विचारतोय."

मीठ माझ्या हातात होतं.

७ मार्च, शुक्रवार

जिंकले! डोकं गप्प. डोकेदुखीच्या गोळ्या घेतेय, दोन सकाळी, दोन दुपारी, लागलीच तर एक रात्री. कोलाची आठवणसुद्धा नाही. लोक उगाच बाऊ करतात. मनाचा निग्रह लागतो, बस.

स्कूलच्या मालकांना आज सांगितलं की तुम्हीही ती कोलाची बाटली सोडा, पोट बघा. ते म्हणाले, "बाई, तुम्ही प्यायचात तेव्हा बऱ्या होतात."

१० मार्च, सोमवार

पर्स उचकताना गोळ्यांची पट्टी जाऊबाईंच्या मांडीवर पडली. भाऊजींच्या औषधांमुळे त्यांना सवयच लागली आहे, पट्टी दिसली की उलटी करून वाचायची. चष्मा कपाळावर, पट्टी नाकाशी.

"यात कॅफीन आहे की गं."

"शक्य नाही."

"हे बघ. वेदनाशामक अमुक, आणि कॅफीन तमुक." मग माझ्याकडे बघून, अगदी निरागसपणे, "म्हणजे तू नक्की सोडलंस काय? डबा?"

इतक्या हसल्या की गाडी बंद पडली. चौकात. मी नाही हसले. शुक्रवारचं वरचं पान वाचलं आत्ता. "मनाचा निग्रह लागतो, बस." फाडून टाकणार होते. राहू दे. बघत बस म्हणावं स्वतःकडे.

गोळ्या केराच्या डब्यात. पुन्हा पहिल्यापासून.

११ मार्च, मंगळवार

माणसं फार मोठ्याने बोलतात. फार मोठ्याने चावतात. नवरा फार मोठ्याने श्वास घेतो.

१३ मार्च, गुरुवार

झोपले. कुठे ते लिहायला हात धजत नाही. — गाडीत. शिकवणारीच्या सीटवर. तास चालू असताना.

पुलाच्या अलीकडे मी "आरसा बघा" म्हणाले, एवढं आठवतं. डोळे उघडले तर गाडी मंडईमागच्या गल्लीत, दोन ट्रकच्या मधोमध, भिंतीला समांतर उभी. इंजिन बंद. जाऊबाई खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसलेल्या.

"काय झालं? कोणाला लागलं?"

"तुझ्या मानेला लागेल. अशी झोपतेस तर उशी ठेवत जा."

पूल, मोठा चौक, चढावरचा सिग्नल, ही गल्ली. सगळं त्यांनी एकटीने केलं होतं. चढावर गाडी मागे आली का? "वीतभर." घाबरलात? "पुलावर घाबरले. मग तुझ्याकडे बघितलं, तर तुझं तोंड उघडं. म्हटलं, आता ब्रेक आपणच मारलेला बरा."

"मला उठवलं का नाही?"

"उठवलं असतं तर तू दाबला असतास."

परत येताना मी पाय सीटखाली दुमडून बसले. एकदाही गरज पडली नाही. एकदाही! म्हणजे थांबायच्या रेषेवरून गेलेली ती गाडी — ज्यावर आम्ही तीन दिवस हसलो — ती माझी होती. त्या गाडी चालवायला कधीच शिकल्या होत्या. थांबवायला शिकल्या नाहीत, कारण थांबवायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांचा पाय माझ्या पायाची वाट बघायचा. आणि मी त्याला काळजी म्हणत होते. पगार घेत होते काळजीचा.

१४ मार्च, शुक्रवार

नियम असा की शिकवणारी जागी हवी. (असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळ येईल असं कोणाला वाटलं नसावं.) पुलावर शाळा सुटलेली असते त्या वेळी. काही झालं नाही, हे खरं. काही होऊ शकलं असतं, हेही तितकंच खरं. मालकांना सांगायला हवं.

जाऊबाईंना फोन केला. "एकोणीस तारखेपर्यंत तोंड शिवून ठेव. वीसला वाटलं तर पेपरात दे."

बरोबर आहे त्यांचं. पाच दिवस थांबल्याने सत्य नासत नाही. आणि मी या आठवड्यात गाडीत बसणारच नाही, आजारी आहे म्हणून कळवते, म्हणजे धोकाही नाही. तर्क पक्का. मग घशाशी हे काय आलंय? कॅन फ्रिजमध्ये आहे हे माहीत असताना जसं व्हायचं, तसंच! ही सदसद्विवेकबुद्धी आहे की नुसती तल्लफ? फरक कसा ओळखायचा हे आम्हाला बी.ए.ला शिकवलं नाही.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

मालकांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "बाई, हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून."

"पण मला माहीत नव्हतं तेच बरं चाललं होतं की! आता मला माहीत झालं ना! आता मला काहीतरी करायला लागणार!"

आणि केलं बिचाऱ्यांनी. डॉक्टरचं प्रमाणपत्र आणेपर्यंत मी गाडीत बसायचं नाही, आत बसून फळ्यावर रस्त्याची चिन्हं शिकवायची. ते ठीक. मी कबूलच होते. पण मग म्हणाले, "आणि तुमच्या जाऊबाईंच्या शिकवणीवर मी सही कशी करू? शिक्षिका झोपेत होती म्हणून?" सही नाही तर परीक्षेला स्कूलची गाडी नाही. पुढची तारीख मे महिन्यात.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं का? आलं होतं. दारातून आत जातानाच आलं होतं. तरी गेले.

बाहेर पडताना फार हलकं वाटलं. एक कॅन प्यायल्यावर जेवढा वेळ वाटतं, तेवढाच वेळ.

१६ मार्च, रविवार

जाऊबाईंकडे जाऊन तोंडाने सांगितलं. फोनवर सांगण्याइतकी मी भित्री नाही, असं मनात म्हणत गेले. (तिथेही शाबासकी हवीच!)

त्या भाऊजींच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. आधी दोन्ही डोळे पुरे केले. मग म्हणाल्या, "सांगून बरं वाटलं ना तुला?"

"हो. म्हणजे, नाही, पण —"

"बरं वाटलं ना? छान झालं. मग ते तुझं बरं वाटणं घे आणि ह्यांना दर महिन्याला हॉस्पिटलात नेऊन आण."

भाऊजी डोळे मिटून म्हणाले, "जाऊ दे गं, लहान आहे ती."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे.

नवरा रात्री म्हणाला, "तुझी चूक नाही." मग दिवा मालवला. "म्हणजे, आहे."

१७ मार्च, सोमवार

प्यायले. स्कूलजवळच्या दुकानातून घेतला, गल्लीत उभी राहून, एका दमात.

सोडलेले लोक सांगतात ना — पुन्हा चव घेतली तर नको इतकं गोड लागतं, किळस येते — साफ खोटं! अमृत होतं. डोक्यातला सुतार हत्यारं गुंडाळून निघून गेला. दहा मिनिटं मी जगातल्या सगळ्यांवर प्रेम केलं, मालकांवरसुद्धा.

मग भाऊजींनी मिटलेले ते डोळे आठवले. दुसरा कॅन पिशवीत होता. दुकानदाराला परत दिला. तो म्हणाला, खराब आहे का? म्हटलं, नाही हो, फारच चांगला आहे.

१९ मार्च, बुधवार

आज परीक्षा व्हायची होती. फळ्यावर "थांबा"चं चिन्ह काढलं. आठ बाजू. पोरांना विचारलं, हे दिसल्यावर काय करायचं? सगळे एका सुरात, "ब्रेक दाबायचा!" मी म्हटलं, कोणी? त्यांना वाटलं बाई विनोद करतात.

सुतार परत आला आहे. येऊ दे. गोळी नाही, कॅन नाही.

जाऊबाईंना दोनदा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा करणार होते. मग स्वतःला विचारलं, हा फोन कोणाला बरं वाटावं म्हणून? नाही केला.

२१ मार्च, शुक्रवार

नाही प्यायले. कोणाला सांगितलंही नाही. दुसरी गोष्ट जास्त जड गेली.

२४ मार्च, सोमवार

जाऊबाई पास झाल्या. बुधवारीच! भाऊजींच्या गाडीतून परीक्षा दिली — जिला शेजारी ब्रेक नाही म्हणून आजवर हात लावत नव्हत्या. रोज पहाटे सरावाला शेजारी कोण बसत होतं? माझा नवरा, ज्याने मला सांगितलं की फिरायला जातो. पाच दिवस समोर बसून जेवला आणि अक्षर बोलला नाही!

संध्याकाळी स्वतः गाडी घेऊन दारात आल्या. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

"तुला सांगितलं असतं तर परीक्षकाला काहीतरी खरं सांगून आली असतीस."

मग काच वर करता करता म्हणाल्या, "सकाळी ह्यांचं इंजेक्शन आहे. तुला तो डॉक्टरचा कागद हवाय ना, तिथेच मिळेल. यायचं तर ये. पुढे हे बसतात."

उद्या: मागच्या सीटवर बसणे.