चालू गाडीवरून बहिष्कार

सोमवार, संध्याकाळ. जवाहरनगर.

डोकं फिरलं आहे आज. शेजारच्या नामदेवनं आठवडाभर मेसेज पाठवून पाठवून फॅक्टरीच्या साऱ्या क्वार्टरवाल्यांना हैराण केलं. सोमवारी कोणीच पेट्रोल घ्यायचं नाही म्हणे, म्हणजे भाव खाली येतील. आणि काल रविवारी हाच शहाणा पंपावर रांगेत माझ्यापुढे! वर हातात एक कॅन. म्हणतो, "उद्या बंद आहे ना भाऊ, आजच भरून ठेवा लागते." अरे, मग बंद ठेवला कायले?

आज सकाळी मला फाटकात अडवून त्यानं पुन्हा भाषण दिलं. चांगली दहा मिनिटं. बुडाखाली त्याची गाडी चालूच, धूर सारा माझ्या अंगावर. मी म्हटलं, "आधी गाडी बंद कर." तर हसतो! "सेल्फ बिघडला आहे भाऊ. बंद केली तं किक मारा लागते." किक मारायचा आळस, आणि निघाला भाव पाडायले!

घरी आल्यावर बायकोला हे सगळं तावातावानं सांगितलं. त्या चालू गाडीचं तर दोनदा सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "फॅक्टरीची बस तं आपल्या दारासमोरून जाते. तुम्ही काहून नाही बसत तिच्यात?"

काय सांगू? बस लवकर निघते, सकाळची पंधरा मिनिटं झोप जाते. मग बायकोवरच ओरडलो.

काल नामदेवच्या मागं उभं राहून मीही टाकी फुल केली, हे काही तिला सांगितलं नाही.