जांभूळतात्यांचा आवाज

माढा, ता. २ नोव्हेंबर १९३३

चि. मानसिंग यास आबासाहेबाचे अनेक आशीर्वाद. तू आणि तुझे रंगाचे डबे खुशाल असाल. वि. वि. इकडील वर्तमान असे की अंबूला दिवाळीच्या सुट्टीनंतर तुझ्याकडून घेऊन आलो त्याला आज पाच दिवस झाले, आणि या पाच दिवसांत पोरीने एक शब्द उच्चारलेला नाही.

आधी मला वाटले, रुसली असेल. आठ दिवस काकाकडून लाड करून घेतल्यावर बाप नावाचा मास्तर कडू लागायचाच. जेवते, खेळते, शेळीला पाला घालते. पण परवा परसात तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. चांगले रक्त आले, डोळ्यांतून पाणी वाहिले, तोंडही उघडले, पण आवाज निघाला नाही. सहा वर्षांचे लेकरू असे मुक्याने रडताना मी कधी पाहिले नव्हते. तुझी वहिनी काटा काढता काढता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काय आठवले ते मला कळले. तीन वर्षांपूर्वी आपल्या थोरल्या लेकीचा, बजाचाही आधी आवाजच गेला होता, आणि चौथ्या दिवशी बजा गेली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चमचा घालून घसा पाहिला. घटसर्प नाही, सूज नाही, काहीच नाही म्हणाले. काहीच नाही हे ऐकून मला जास्त भीती वाटली.

आणखी एक. चुलीतला कोळसा घेऊन ती भिंतीवर एकच माणूस पुन्हापुन्हा काढते. लठ्ठ, सुपाएवढ्या कानांचा. तिला सोलापुरात काय दाखवलेस ते खरे खरे लिही, थट्टा नको. लोभ आहेच, काळजीने तो आटला असे समजू नकोस.

तुझा,
आबासाहेब

•

सोलापूर, ता. ४ नोव्हेंबर १९३३

ति. आबासाहेब दादांचे चरणी मानसिंगचा शि. सा. न. वि. वि. आपले पत्र वाचून हातातला ब्रश खाली ठेवला तो अजून उचललेला नाही.

भिंतीवरचा माणूस माझाच आहे. त्याचे नाव जांभूळतात्या. आपण रागवाल म्हणून दोन वर्षे सांगितले नव्हते, ते आता सांगतो. मी दुकानात पाट्या रंगवतो खरा, पण उरलेल्या वेळात एक हलते चित्र केले आहे. एकच माणूस कागदावर शेकडो वेळा काढायचा, प्रत्येक वेळी हात-पाय किंचित सरकवून. तंबू-सिनेमावाल्या मायाप्पाचा कॅमेरा एकेका कागदाचा फोटो घेतो, आणि फिल्म फिरू लागली की चित्र चालू लागते. मग भिंग लावून त्या नखाएवढ्या चौकटींत बारीक ब्रशाने रंग भरायचा. पिवळा दिव्यापुढे दिसत नाही, तांबडा धरत नाही. रंगारखान्यातल्या बसप्पाने लुगड्यांचा जांभळा दिला, तो असा बसला की तंबूच्या कापडावर दुसरे काही दिसूच नये. म्हणून तात्या पागोट्यापासून पायापर्यंत जांभळे.

गोष्ट मिनिटभराची. तात्यांचे पागोटे पडते, ते वाकतात, पोट आडवे येते, पुन्हा वाकतात, आणि शेवटी कंटाळून त्या पागोट्यावरच बसतात. एवढेच. यात भिण्यासारखे काय आहे दादा? अंबूने तीन वेळा पाहिले आणि सगळ्यांत जास्त तीच हसली. तिचे बोट माझ्या हातात होते. ती भ्यायली असती तर मला कळले नसते का? तिला काही झाले तर मी कुठे तोंड दाखवू?

वहिनींस नमस्कार. मजवर आहे ती माया राहू द्यावी.

आपला,
मानसिंग

•

माढा, ता. ७ नोव्हेंबर १९३३

चि. मानसिंग यास आशीर्वाद. वि. वि. अंबू तशीच आहे. आता वर्गातल्या मुलांनी पाढे म्हटले की मला तिचा आवाज त्यात आहे का असे वाटते आणि मी हजेरी चुकतो.

तुझे पत्र मी वहिनीला वाचून दाखवले, तिथे चूक झाली. तिने लगेच केराबाईला बोलावले आणि पत्रातले सगळे सांगितले. केराबाई म्हणजे मळ्याच्या वाटेवर राहते ती म्हातारी, सगळा गाव तिच्याकडून दृष्ट काढून घेतो. तिने अंबूच्या तोंडाकडे बघितले, भिंतीकडे बघितले, आणि म्हणाली, की ह्यो जांभळा माणूस पोरीचा आवाज घिऊन बसलाय. चित्राला जीव न्हाई आन चालतंय, मग ते चालतंय कुणाच्या जिवावर? ज्यानं केलं त्यानं मोडावं, त्यो न्हाई आला तर बापानं जाळावं, आन पोरीच्या डोळ्यांदेखत. मी शाळेत भुते नसतात असे शिकवतो. तरी तिचा तो प्रश्न मी रात्री पुन्हापुन्हा स्वतःशी म्हणून पाहिला.

तुझी वहिनी दोन दिवस जेवलेली नाही. तिचे म्हणणे, एक लेक शहाणपणाने घालवली, दुसरी तशी घालवायची न्हाई. बजाच्या वेळी केराबाईला नको म्हणणारा मीच होतो. म्हणून मानसिंग, कागद, फिल्म, जे काय असेल ते सगळे पाठवून दे. येत्या रविवारी शाळेला सुट्टी आहे, तेव्हा करू. तुझी दोन वर्षांची मेहनत आहे हे मला कळते. पण आज मी मास्तर नाही, बाप आहे. राग मनात ठेवू नकोस.

तुझा,
आबासाहेब

•

सोलापूर, ता. ९ नोव्हेंबर १९३३

ति. दादांचे चरणी मानसिंगचा सा. न. वि. वि. काल आपल्या गावचा बाळासो जोंधळा घेऊन बाजारात आला होता, त्याच्याबरोबर पत्र्याचा डबा आणि कागदांचा गठ्ठा पाठवला आहे. मिळाला असेल. पण रविवारी काहीही जाळू नका. मी हात जोडून सांगतो.

डबा गेल्यावर काल सगळी संध्याकाळ बसून अंबूचे एकेक दिवस आठवले, आणि मग जे आठवले ते लिहितो. अंबू चित्र बघायला आली त्यातल्या एका दिवशी तंबूत लोकांनी तात्यांची टर उडवली होती. शहरात बोलपट आल्यापासून मुके चित्र कुणाला नको. मागून कुणी ओरडले, आरं ह्यो मुका हाय की, ह्याला घरी बसवा. अंबूला ते फार लागले. तिने विचारले, तात्या का बोलत न्हाईत? मी आपला थट्टेने म्हणालो, त्यांना आवाजच नाही, तू तुझा दिलास तर बोलतील. पण मग तुला नाही हां उरायचा. मी विसरलो.

दादा, तुम्ही तिला न्यायला आलात त्या दिवशी, तुम्ही तिकिटे काढायला गेलात तेव्हा, तिने मला कानात विचारले, काका, आता बोलतील का त्ये? मी म्हणालो, हो हो, बोलतील. तिने डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून मान डोलावली. मला वाटले खेळते आहे. त्यानंतर ती बोललेली नाही. तिला कुणी धरलेले नाही. तिने आपला आवाज देऊन टाकला आहे आणि दिलेला शब्द पाळते आहे.

आता तिच्यासमोर तात्या जळले तर तिला काय वाटेल, याचा विचारही करवत नाही. आणखी, ही फिल्म साधी नव्हे. ठिणगी लागली की भडका उडतो, पाण्यानेही विझत नाही. डबा चुलीपासून लांब ठेवा. शनिवारच्या गाडीने मी निघतो.

आपला,
मानसिंग

•

माढा, ता. ९ नोव्हेंबर १९३३

चि. मानसिंग यास आशीर्वाद. डाव्या हाताने लिहीत आहे, अक्षराला हसू नकोस.

बाळासो डबा घेऊन आला तेव्हा अंबू ओसरीवर होती. डबा पाहताच तिने तो ओळखला, दोन्ही हातांनी कवटाळला, गाल टेकला आणि हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा हसली. एरवी मला आनंद झाला असता. पण पोरगी पत्र्याच्या डब्याला आईला बिलगावे तशी बिलगलेली पाहून वहिनी पांढरीफटक पडली. रविवारची वाट बघायचा धीर राहिला नाही. डबा तिच्या हातून ओढून घ्यावा लागला. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असे वाटले नव्हते.

अंगणात वहिनीने तिला धरून ठेवले. कागद आधी पेटवले, मग फिल्म त्यावर धरली. काय झाले ते कळलेच नाही. सुं करून एकच जाळ उठला आणि उजव्या हाताची कातडी गेली. मला हाताचे काही नाही. अंबू आईच्या हातातून सुटून जाळाकडे धावत होती. तोंड वासलेले, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, आणि आवाज नाही. तिला उचलून आत नेले. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे. दूध दिले, ओठ उघडत नाही. केराबाई म्हणते, आता उतरल. मला तसे दिसत नाही.

ता. १०, दुपार. हे पत्र टपालात टाकायला निघालो आणि पोस्टातच तुझे मिळाले. तिथेच उभ्याने दोनदा वाचले. मानसिंग, आपण तिचा आवाज तिच्या डोळ्यांसमोर जाळला. शनिवारची वाट बघू नकोस. मिळेल त्या गाडीने ये.

आबासाहेब

•

सोलापूर, ता. १८ नोव्हेंबर १९३३

ति. दादांचे चरणी सा. न. वि. वि. काल सुखरूप पोचलो. सुखरूप हा शब्द सवयीने लिहिला. दुकानाची रजा संपली नसती तर निघालो नसतो.

पाच दिवस मी तिच्यासमोर बसून तात्या पुन्हा काढले. बसप्पाकडचा जांभळा बरोबर आणला होता. चौसष्ट पाने काढून वही शिवली, अंगठ्याने भरभर सोडली की तात्या वाकतात, अडतात, बसतात. पहिल्यांदा वही फिरवली तेव्हा तिने भिंतीकडचे तोंड वळवले आणि आईच्या हातून चार घोट दूध घेतले, हे आपण पाहिलेतच. पण मी तिला सांगितले, तात्या जळाले नाहीत, हे बघ आले, तुझा आवाज परत देतो म्हणतात, घे. तेव्हा तिने ठामपणे मान हलवली. नको.

का नको, ते वहिनींनी सांगितले, आणि सांगताना त्या रडल्या. गेल्या संक्रांतीला अंबूने शेजारच्या मुलीला आपली बाहुली दिली आणि दुसऱ्या दिवशी परत मागायला गेली, म्हणून वहिनींनी तिला मारले होते. दिलेलं मागं घेत न्हाईत, घेतलं की मानसाची जात जाती, असं म्हणाले होते मी, असे त्या म्हणाल्या. पोरगी आपल्या घरची शिकवण पाळते आहे. तिला आता खोटे वागायला कोण शिकवणार?

नुसत्या दुधावर किती दिवस निघतील? रोज एक ओळ तरी लिहा. मी टपालवाल्याला रस्त्यातच गाठतो.

आपला अपराधी,
मानसिंग

•

माढा, ता. २५ नोव्हेंबर १९३३

चि. मानसिंग यास आबासाहेबाचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि. अंबू भाकरी खाते आहे. हे पहिल्या ओळीत लिहिले, आता सावकाश वाच.

मंगळवारी शाळेतून आलो तो शेळीच्या गोठ्यातून घोगरा आवाज आला. बाहेरचे कुणी शिरले असेल म्हणून काठी घेऊन गेलो. अंबू एकटीच बसली होती. वही अंगठ्याने सोडत होती आणि पाने फिरताहेत तोवर म्हाताऱ्यासारखा आवाज काढून बोलत होती. आरं माझं पागोटं, आरं माझी कंबर. मला पाहताच वही झग्यात लपवली आणि पुन्हा गप्प. तिचा आवाज तिच्याच घशातून येत होता, पण ती तो आपला मानत नव्हती. दिलेली वस्तू मालकाच्या परवानगीने वापरावी तसा वापरत होती.

संध्याकाळी वहिनीने धीर केला. डोक्यावर पदर घेतला, सहा वर्षांच्या पोरीसमोर खाली बसली आणि विचारले, तात्या, आमची अंबू जेवल का? वही फिरली. घोगरा आवाज म्हणाला, अंबूला भूक लई लागलीया, भाकरी वाढा. वहिनीने दोन ताटे वाढली, एक अंबूचे, एक तात्यांचे. दोन्ही अंबूने संपवली. तेव्हापासून आमच्या घरात असे चालले आहे. हसू येते आणि हसता हसता काटा येतो. पाने थांबली की ती थांबते. ओलसर हातांनी कागद झिजतो, रंग तिच्या बोटांना लागतो. चौसष्टांतली अकरा पाने फाटली, आणि तात्यांचे बोलणे तेवढ्याने आखूड झाले आहे. उरलेली गेली तर काय, हा विचार आला की मला वर्गात उभे राहवत नाही.

काल मीच तिच्यासमोर बसलो. वहिनीसारखे मलाही जमले पाहिजे ना. विचारले, तात्या, अंबू स्वतः कधी बोलणार? तिने वहीकडे बघितले. माझ्या भाजलेल्या हाताकडे बघितले. मग पाने सोडली आणि तात्या म्हणाले, आबा मला पुन्ना जाळनार न्हाईत, असं तिला वाटलं, मंग.

मानसिंग, इतके दिवस आपण ती कुणाला भ्याली याचा शोध करत होतो. तो मी निघालो.

दुसरी वही कर. चौसष्ट पानांची नको, दोनशेंची कर, जाड कागदाची, आणि रंग बसप्पाकडचाच घे, दुसरा तिला चालायचा नाही. टपालाने पाठवू नकोस, तू स्वतः आण आणि तिच्यासमोर माझ्या हातात दे. ज्या हाताने तात्या जाळले त्याच हाताने ती वही मी सांभाळीन, हे तिला रोज दिसू दे. रोज शाळेतून आल्यावर तिच्या हाती देईन आणि ती बोलून झाली की परत घेऊन देवाजवळ ठेवीन, किती महिने लागले तरी. वहिनीचा आशीर्वाद. तात्यांनीही तुला आशीर्वाद सांगितला आहे.

तुझा,
आबासाहेब