गव्हाणचं पान

२ नोव्हेंबर, रवि.

वजन १०१. ऑपरेशनच्या दिवशी ११२ होतं. तीन आठवड्यांत अकरा किलो. श्री.ना हाक मारून काटा दाखवला. वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "बिघडला नाही ना गं काटा?" चाळीस वर्षांचा संसार, आणि कौतुकाची ही तऱ्हा.

पोट आता केळ्याएवढं. बाकीचं डॉ. हसमुखांनी कापून कुठे टाकलं देव जाणे. खरं नाव वेगळं आहे, पण सुरी हातात असतानाही हसणाऱ्या माणसाला मी दुसरं काय म्हणू?

दुपारी खिडकीत. कर्नाळ्याचा सुळका धुरकट. अर्धी वाटी मुगाचं पाणी, वीस मिनिटं लावून. उन्हात पाय सोडले. गुडघे गप्प. वाटलं, मी साखरेसारखी कडेकडेने विरघळतेय. वाईट नाही वाटलं.

९ नोव्हेंबर, रवि.

उलटी. दोनदा. मुगाच्या पाण्याची! काल तीनदा.

श्री.ना सांगितलेलं नाही. "मी तेव्हाच म्हणत होतो" हे वाक्य ते गेला महिनाभर खिशात घेऊन हिंडताहेत, ते बाहेर काढायची संधी मी देणार नाही. सगळेच म्हणत होते. ह्या वयात कशाला, गुडघ्यांना तेल लाव, सकाळी वडाळे तळ्याला फेऱ्या मार. ११२ किलो घेऊन तळ्याला फेऱ्या मारून दाखवा म्हणावं.

कॉन्व्हेंट शाळेत आजाऱ्यांच्या खोलीत कुरकुर केली की सिस्टर म्हणायच्या, दुखणं देवाला वाहून टाक. वाहते आहे. नळ सोडून ठेवला की आवाज बाहेर जात नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.

हॉस्पिटलला फोन. सकाळी १०.४०. गोड आवाजाची मुलगी. "मॅम, इट्स नॉर्मल. छोटे छोटे घोट घ्या."

म्हटलं, आठवडा झाला, रोज चार वेळा.

"थोडं होतंच, मॅम."

व्हिटॅमिनची गोळीही पोटात राहत नाही.

"मग उलट्या थांबल्या की सुरू करा ना!"

वेळ लिहून ठेवली. टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं काढली, ती सवय. ट्रंक कॉलच्या चिठ्ठीवर वेळ घालायची, आणि सुपरवायझरची सही झाल्याशिवाय कॉल झालाच नाही असं समजायचं. शेवटची अकरा वर्षं ती सही माझी असायची.

२२ नोव्हेंबर, शनि.

पुन्हा फोन, दु. १२.१०. तीच मुलगी. "मॅम, तुमचं वेट लॉस किती छान चाललंय!"

९२. हो, छान. नुसतं पाणीसुद्धा येतं बाहेर.

कमळ भांडी घासते आणि मी आतल्या खोलीत पडून असते. गव्हाणहून सकाळच्या बसने येते, आल्यापासून जाईपर्यंत बोलते. खाडी, शिंपल्यांतली कालवं, सासू, सासूचा कोयता. मी अर्धं ऐकते. तिचा आवाज आणि नळाचा आवाज एकमेकांत मिसळतात आणि मी त्यांवर तरंगत जाते कुठेतरी.

"ताई, झोपल्यात का?"

"नाही."

"मंग हूं तरी म्हना."

२७ नोव्हेंबर, गुरु.

कर्नाळ्याला सुळके दोन. शेजारी शेजारी, जुळ्यांसारखे. एक डोळा मिटला की एकच. कमळही दोन आल्या. म्हटलं, दोघींना पगार देणार नाही.

चालताना जमीन जरा उशिरा येते. पाय टाकावा आणि ती अजून आलेलीच नसावी. होडीत असल्यासारखं. श्री. म्हणाले, "वसू, भिंत धरून का चालतेस?" आता त्यांना सगळं कळलंय. खिशातलं वाक्य मात्र काढलं नाही त्यांनी. तेच जास्त लागलं.

१ डिसें., सोम.

श्री. मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पनवेलात अशक्तपणा म्हटलं की बाटली. आम्हीच मागितली. "डॉक्टर, ग्लुकोजच्या दोन चढवा, म्हणजे तरतरी येईल." ऑपरेशनचं डॉक्टरने विचारलंही नाही. आमच्या आईलाही चढवायचे, मावशीलाही, लग्न आटोपल्यावर दमलेल्या वरमायांनासुद्धा.

बाटलीत दुपार अडकली होती. थेंब पडतो, तो पिवळा. मग दुसरा पिवळा. हेडफोन लावल्यासारखे आवाज. उरण बोला. उरण, तुमची पार्टी लाइनीवर आहे. मी म्हटलं बोला, बोला, तीन मिनिटं झा

८ डिसेंबर, सोम.

काल गव्हाणला जाऊन आले. कमळने नेलं.

ओहोटी होती. पाणी इतकं दूर गेलेलं की आभाळ जमिनीवर पसरल्यासारखं. निळी होडी पालथी, तिच्या पोटावर पांढऱ्या रंगात बोटांचे ठसे. कमळची सासू दगडावर बसून कोयत्याच्या टोकाने कालवं फोडत होती. टक्, टक्. म्हातारीने मान वर न करता विचारलं, "कोनाची गो तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "बस मंग," म्हणाली.

तांदळाची भाकरी आणि कालवांचं सुकं. वाटीभर. मी वाटीभर खाल्लं! बोटं चाटली. काही बाहेर आलं नाही. गुडघे पाण्यात होते. पाणी कोमट. कुणी मला मॅम म्हटलं नाही.

इतका चांगला दिवस कित्येक वर्षांत गेला नव्हता.

२१ डिसेंबर, रवि.

श्री.नी मागचं पान वाचलं. मी चहा घेत होते, ते वाचत होते. कप खाली ठेवला आणि माझा हात धरला. असं ते करत नाहीत.

"वसू, सात तारखेला तू हॉस्पिटलात होतीस. तीन ते पंधरा. तूच वही मागितलीस, मी नेऊन दिली. तू लिहायला लागलीस म्हणून मी खूश झालो."

मी म्हटलं, काहीतरीच. कमळला विचारा.

कमळ हात पुसत आली. माझ्याकडे पाहिलं, मग श्री.कडे. "ताई, तुमी गव्हाणला कदी आलाच नाय. न् माझी सासू जाऊन चार वरसं झाली."

प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

मला तर अजून त्या कालवांची चव आहे तोंडात.

२२ डिसेंबर, सोम.

श्री.ना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि ते बोलतील तसं लिहून घेतेय, कारण माझ्याजवळ ह्यातलं काही नाही.

बाटल्यांनंतर दोन दिवसांत मी बरळायला लागले. डोळे जागच्या जागी थरथरत होते. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे रात्रपाळी संपवून निघालेली एक चष्मेवाली डॉक्टर होती, अठ्ठावीसची असेल नसेल. तिने तीन प्रश्न विचारले. पोटाचं ऑपरेशन झालंय का? किती दिवस उलट्या? ग्लुकोज दिलंय का? तिसऱ्या उत्तराला तिने कपाळाला हात लावला. अंगात बी-वन नावाचं व्हिटॅमिन उरलं नव्हतं, आणि जे चार दाणे होते ते त्या दोन बाटल्यांनी खाल्ले. इंजेक्शनं सुरू केली म्हणून वाचले. उलट्यांचं कारण वेगळंच. पोटाची शिवलेली नळी मध्ये आवळली होती, ती नंतर फुगा घालून रुंद केली. म्हणजे छोटे घोट घेऊन काय होणार होतं, कपाळ!

सुळका परत एकच दिसतोय. चाल थोडी सुधारलीय. आठवणीचं मात्र चष्मेवाली म्हणाली, येईल तेवढी येईल, काही महिने वाट पाहा. मेंदू रिकामी जागा ठेवत नाही, मिळेल ते भरतो. खोटं बोलण्याचा हेतू नसतो त्यात.

श्री. म्हणाले, "बाटलीला मीच नेलं तुला." तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मी ओरडले. उलट्या लपवल्या कुणी? नळ सोडला कुणी?

२८ डिसेंबर, रवि.

नवा नियम. रोजच्या मजकुराखाली श्री.ची सही. सहीशिवाय कॉल झाला नाही.

आज: सकाळी पेज. दुपारी श्री.शी भांडण (विषय आठवत नाही, पण मीच बरोबर होते). संध्याकाळी बाल्कनीत.

बरोबर. मीच बरोबर होतो. — श्री.

१४ जानेवारी, बुध.

वजन ८५. तीळगुळाचा एक दाणा जिभेवर ठेवला, विरघळू दिला.

घरावरून विमान गेलं, इतकं खाली की खिडक्या दिसल्या. मग घाबरत श्री.ना विचारलं, आत्ता विमान गेलं का? "गेलं की. नवा विमानतळ सुरू झालाय." हसूच आलं. त्यांनी लगेच सही केली विमानाखाली.

पनवेलचे जुने नंबर सगळे पाठ. मिठाईवाल्याचा, मामलेदार कचेरीचा, लाकडाच्या वखारीचा. सकाळी काय खाल्लं ते नाही.

विमान खरं. पेज खाल्ली. — श्री.

२५ जानेवारी, रवि.

आमचा मंदार पुण्याहून आला. तक्रारीचा अर्ज महिन्याच्या सुरुवातीला त्यानेच टाइप केलेला, मी फोनवर सांगितला. स्वल्पविराम माझे. डॉ. हसमुखांचं हॉस्पिटल म्हणतं, तुमचा फोन आल्याची आमच्याकडे नोंद नाही. त्या मुलीने काम सोडलंय. मी लँडलाइनवरून केलेले, बिलात स्थानिक कॉलची यादी नसते. पुरावा एकच, ही वही. १६ नोव्हें. १०.४०, २२ नोव्हें. १२.१०. ९ फेब्रुवारीला चौकशी समितीने बोलावलंय, वही घेऊन.

मंदारने वही चाळली. ८ डिसेंबरला थांबला.

"आई, हे पान काढून टाक."

"का?"

"ते म्हणतील, ज्या बाईने मेलेल्या म्हातारीशी गप्पा मारल्या तिचे फोन कुणी खरे मानायचे? एक पान तर आहे."

तो चुकत नाही, हेच अवघड. ते पान राहिलं तर माझा शब्द पडला. आणि फाडलं तर वहीत मीच खोटेपणा केला, त्या मुलीपेक्षा काय वेगळी मी? तिनेही नोंद ठेवली नाही, मीही ठेवणार नाही.

श्री. म्हणाले, "असा फोन ऐकून घरी बसलेली पुढची बाई कुणाची बायको असेल, कोण जाणे."

तिघांत एकमत नाही. — श्री.

३ फेब्रुवारी, मंगळ.

ब्लेड आणून ठेवलं टेबलावर. दुपारभर पाहत बसले त्याच्याकडे. पान उलटलं की खाडीचा वास येतो. येत नाही, माहीत आहे. तरी येतो.

कमळला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच, पूर्ण. पदर तोंडाला लावून ऐकलं तिने. निळी होडी आली तशी म्हणाली, "थांबा. ते ठसे माझ्या पोराच्या हाताचे. रंग वला होता." कोनाची गो तू आलं तेव्हा रडायलाच लागली. "असंच बोलायची ती. अक्षी असंच. ताई, हे समदं मीच सांगितलेलं तुमाला, भांडी घासताना. मला वाटायचं तुमी झोपल्यात."

क्रॉस कनेक्शन! दुसऱ्याचं बोलणं माझ्या लाइनीवर आलं. एक्स्चेंजात आम्ही तसं झालं की प्लग काढायचो, पण कधी कधी अर्धा मिनिट ऐकत राहायचो. कुणाच्या तरी घरात कुणीतरी हसत असायचं.

म्हणजे दिवस खरा आहे. माझा नाही, एवढंच.

कमळ म्हणाली, "फाडू नका. सासूचं लिवलेलं कुटंच नाय दुसरं."

ब्लेड श्री.ना खिशात ठेवायला दिलं.

मिळालं. — श्री.

८ फेब्रुवारी, रवि. गव्हाण.

इथेच बसून लिहितेय, म्हणजे नंतर कुणी काढून घेणार नाही. दुपारचे साडेतीन. कमळ, श्री. आणि मी. रिक्षाने आलो. ओहोटी.

होडी आहे. निळी नाही आता, ऊन खाऊन राखाडी झालीय. ठसे आहेत, पाच बोटं, छोटी. मी माझा हात त्यावर ठेवला. वहीच्या पानात पाणी कोमट आहे, प्रत्यक्षात गार आहे. दगड आहे. दगडावर कुणी नाही. पाण्यापलीकडे विमानं उतरताहेत, आवाज मागून येतो.

कमळने दगडावर बसून सासूच्याच कोयत्याने कालवं फोडली. टक्, टक्. तीन दगडांची चूल, वाडगं, हळद, मीठ. मला एक दिलं. एकच. तीस वेळा चावलं, चष्मेवालीने सांगितलंय तसं. चव वेगळी आहे. तोंडात होती ती जास्त गोड होती. ही खारट, थोडी वाळू.

"कशी हाय?" कमळ.

"वाळू आहे."

"मंग खरी हाय."

उद्या अकरा वाजता चौकशी. वही पिशवीत अख्खी आहे, ब्लेड श्री.च्या खिशात आहे, आणि मंदारचे सकाळपासून दोन फोन आलेत, मी घेतले नाहीत. दुपारच्या उन्हात दूरचं पाणी आणि आभाळ एकच झालंय आणि मला नीट सांगता येणार नाही की मी इथे पहिल्यांदा आलेय.

कमळला म्हटलं, आज साक्षीदार तू. तिने पेन घट्ट धरून, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर:

क म ळ

श्री. पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे आहेत. हात हलवताहेत. सही करायला येतील आता.

वीस मिनिटं झाली. कालव अजून पोटात आहे.