जळलेल्या लोखंडाचं वजन

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मी नातीला दोनदा विचारून पक्की केली. शाळेची प्रयोगशाळा, सातवीचा वर्ग, खिडकीजवळचं तिसरं टेबल. विज्ञानाच्या बाईंनी अख्ख्या वर्गासमोर माझ्या नातीला, भिंगरीला, खोटारडी ठरवलं!

प्रयोगवही आत्ता माझ्यासमोर आहे. प्रयोग ज्वलनाचा. दोन ग्रॅम स्टील वूल घ्यायचं — म्हणजे केसाहून बारीक लोखंडी तारांचा पुंजका — बशीसकट तोलायचं, बशीतच जाळायचं, थंड झालं की परत तोलायचं. एवढंच. भिंगरीने लिहिलंय: आधी २.०० ग्रॅम, नंतर २.३१ ग्रॅम. त्यावर लाल शाईची आडवी काट. आणि समासात: 'जळल्यावर वजन कमी होते. आकडे मनाने बनवले आहेत. शून्य.'

मनाने बनवले! पोरगी काट्यावर दिसलं ते लिहिते आणि बाई म्हणतात बनवलं. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पुढचं ऐकून तर माझं डोकंच फिरलं. वर्गाला आकडे फळ्यावर आधीच दिले होते! 'आधी २.००, नंतर १.४०.' तास पस्तीस मिनिटांचा, वेळ पुरत नाही, म्हणून निरीक्षणं आधी उतरवून घ्यायची आणि प्रयोग मागाहून करायचा. आठ टेबलं. सात टेबलांवर १.४० — हुबेहूब, एक कण इकडे नाही की तिकडे नाही. आणि जिने खरोखर तोललं, ती खोटी.

शिक्षा अशी, की शुक्रवारी वर्गासमोर उभं राहून 'मी आकडे बनवले' असं म्हणायचं. नाही म्हटलं तर सत्र संपेपर्यंत प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. पोरीला सगळ्या शाळेत आवडते ती एकच खोली.

जेवताना म्हणाली, "आजी, म्हणून टाकू का? तीन शब्द तर आहेत."

"खबरदार!" मी म्हटलं. "खोटं बोलले हे खोटंच सांगायला निघालीस?"

तेव्हा कुठे हसली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बाईंना भेटून आले. तासभर बाकावर बसवलं. शाळेतल्या बाकांचा एक पाय आखूड असतोच, हा निसर्गाचा नियम असावा.

"या ना आजी, बसा." — आजी! ह्यांची आजी मी कधीपासून झाले? वयाने माझ्या सुनेएवढी बाई.

मी वही उघडून समोर ठेवली. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "असं बघा, कागद जाळा, लाकूड जाळा, काय उरतं? राख. ती हलकीच असते ना?"

"लोखंडाची राख कधी पाहिलीत?"

"पुस्तकात तसंच दिलंय."

"कोणत्या पानावर?"

पान सापडेना. पुस्तकात वजनाचा विषयच नाही! मग म्हणाल्या, आधीच्या सरांच्या वहीतून घेतलंय, ते फार हुशार होते. हुशार असतील. काटा मात्र त्यांनीही वापरलेला दिसत नाही.

मी शांतपणे — माझ्या हिशेबाने शांतपणे — सांगितलं, की लोखंड जळतं म्हणजे हवेतला प्राणवायू त्याला येऊन चिकटतो. पाहुणा घरात शिरला आणि मुक्कामालाच राहिला, तर घरातलं वजन वाढणार की घटणार? बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आजी, मुलांना एवढं खोलात कळत नाही." मुलांना कळतं हो. अडतं ते दुसरीकडेच.

निघताना बाई म्हणाल्या, "बाकी सातही टेबलांचं एक उत्तर आहे. तुमच्याच नातीचं वेगळं कसं?" पालथ्या घड्यावर पाणी.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या गणिताच्या सिस्टर 'अंदाजे' हा शब्द कानावर पडला तरी पट्टी काढायच्या. बोटं लाल व्हायची. तेव्हा राग यायचा. आज त्या सिस्टरना हाताला धरून ह्या प्रयोगशाळेत आणावंसं वाटलं.

घरी सूनबाईने प्रामाणिकपणे विचारलं, "पण आई, मेणबत्ती जळते तेव्हा संपतेच की." बरोबर विचारलं. संपत नाही म्हटलं, निघून जाते. मेण जळून त्याचा वायू होतो आणि वाफ होते, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिडकीतून चालते होतात. ते सगळं पकडून ठेवता आलं तर काट्यावर मेणापेक्षा जास्तच भरेल, कारण प्राणवायू त्यातही आला. पदार्थ नाहीसा होत नाही, पत्ता बदलतो. भिंगरी टेबलावर कोपरं टेकून ऐकत होती. "म्हणजे आजी, लोखंडाचा पाहुणा घरात राहतो आणि मेणबत्तीचा पाहुणा यजमानालाच पळवून नेतो!" असं बोलते ही. हिला शून्य!

मुख्याध्यापिकांना पत्र लिहायला घेतलंय. पण नुसत्या बोलण्याने भागणार नाही. उद्या घरी प्रयोग करायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हात दाखवून अवलक्षण!

ओट्याखाली लोखंडी घासण्यांचं न फोडलेलं पाकीट होतं, तेच घेतलं. स्वयंपाकघरातल्या काट्याला दशांश कळत नाहीत, म्हणून तीन घासण्या एकदम तोलल्या. ४२ ग्रॅम. खाली जाड परात ठेवली. चिरंजीव ऑफिसातून नुकतेच आलेले, सूनबाई हजर, भिंगरी माझ्या शेजारी. जाळल्या. ठिणग्या उडाल्या, धूर झाला, घरभर उग्र वास सुटला. थंड केल्या, परातीतला कण न् कण गोळा करून काट्यावर ठेवला.

३६.

परत तोललं. ३६. काटा बंद करून चालू केला. ३६!

चिरंजीव हसायला लागले. "आई, बाईंचं बरोबर निघालं की गं! उगाच शाळेत जाऊन त्यांची हजेरी घेतलीस." सूनबाईने खिडकी ज्या तऱ्हेने उघडली त्यात सगळं आलं.

एकोणतीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात तपासणीला होते. माझ्या सहीशिवाय तिथून एक डबा बाहेर पडला नाही. आणि आपल्याच ओट्यावर आपलंच नाक कापून घ्यायचं! भिंगरीकडे वळले आणि विचारलं, "खरं सांग. आकडे बनवले नव्हतेस ना?"

ती म्हणाली, "तूसुद्धा?" आणि खोलीत गेली.

विचारावं लागतं. तपासनिसाचं कामच ते. त्यात एवढं काय!

गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळ

न खाता शाळेत गेली. "भूक नाही" म्हणे. परवा शुक्रवारी सगळ्यांसमोर काय बोलणार, विचारलं तर, "बघू." परवा कुठला, उद्याच शुक्रवार! माझंच टाळकं ठिकाणावर नाही.

गुरुवार, संध्याकाळ

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं, आणि कुणाकडून कळलं? हार्डवेअरच्या दुकानदाराकडून!

जळकी घासणी आणि रिकामं पाकीट घेऊन गेले. म्हटलं, "हे लोखंडच ना?" तो पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "ताई, ही साबणाची घासणी. आत साबण भरलेला असतो. नाहीतर फेस काय लोखंडाचा येतो?"

साबण! जाळला काय मी, तर साबण. लोखंडाचं वजन वाढलं असेल तेवढं वाढलं, पण साबण जळून धूर होऊन खिडकीतून गेला आणि वाढलेलं सगळं खाऊन वर सहा ग्रॅमचा खड्डा पाडून गेला. त्या उग्र वासाने नाकाला ओरडून सांगितलं होतं. कारखान्यात कुणी नमुना न धुता तोलला असता तर मी त्याला दाराबाहेर उभा केला असता. रागाने माणूस आंधळा होतो, हे ठाऊक होतं. नाकही जातं, हे नव्हतं.

"कोरडी द्या, लाकूड घासायची," मी म्हटलं.

"देतो. पण हिला तेलाचा हात असतो हं. गंजू नये म्हणून."

शहाणा माणूस. ह्याला शाळेत घ्यावा.

घरी आणून स्पिरिटने दोनदा धुतली. उन्हात खडखडीत वाळवली. मग सरळ सोनाराचं दुकान गाठलं. त्याच्याकडे काचेच्या पेटीतला काटा आहे, त्याच्याजवळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा. तो आधी घाबरला. एवढ्या भारदस्त म्हाताऱ्या बाईने भांडी घासायची तार तोलायला आणली म्हणजे हिच्या घरचे कुठे आहेत, अशी नजर. सगळं सांगितल्यावर मात्र रंगात आला. पुंजका स्वतः मुशीत ठेवला, म्हणजे त्याच्या त्या मातीच्या वाटीत, एक कण सांडायला नको. तोलला: ४.००. मुशीचं वजन वगळून. गॅसच्या ज्योतीने पेटवला. तारांवरून लाल ठिणगी किड्यासारखी धावत गेली. चकाकी गेली, काळा ठिक्कर पडला, बोटाने दाबला तर कुसकरला. लोखंड उरलंच नाही ते, वेगळाच पदार्थ झाला.

थंड झाल्यावर तोलला. ४.६३.

सोनाराने चष्मा पुसला. परत पाहिलं. ४.६३.

"बाई," तो म्हणाला, "जाळात घट होते हे बापजाद्यांपासून ऐकत आलो. वाढ आजच पाहिली. हे जरा सोन्याला शिकवता येईल का?"

"सोनं ह्या बाबतीत फार माणूसघाणं आहे," मी म्हटलं. "पाहुणा दारातच उभा करतं."

त्याने दोन्ही आकडे दुकानाच्या कागदावर लिहून सही-शिक्का दिला. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. भिंगरी अभ्यासाला बसली होती. तिच्या वहीवर कागद ठेवला. "बघ! तू खरी निघालीस!"

तिने वर पाहिलं. "मला माहीत होतं."

काय हे उत्तर! सोनाराच्या दुकानात मी घामाघूम झाले, ते कुणासाठी? हल्लीच्या मुलांना आनंद म्हणून व्हायचा नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जिंकलो.

पहिल्याच तासाला हजर झाले. धुतलेला पुंजका डबीत, सोनाराचा कागद पर्समध्ये. बाई कागदाला हात लावायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, सोनारावर नको, माझ्या नातीवर तर नकोच. तुमच्या काट्यावर ठेवा. वर्ग समोर बसलाय. तोला.

त्यांनी तोललं, जाळलं, परत तोललं. २.०० चे २.२८. चाळीस मुली टेबलाभोवती चिकटलेल्या, कुणी खोकत नव्हतं.

मला वाटलं, बाई आता दोष काट्यावर ढकलणार. मी कंबर कसून उभी होते, पुढची चार वाक्यं दातांमागे तयार होती. आणि ती बाई काय म्हणाली? "नऊ वर्षं हा प्रयोग घेतेय मी. एकदाही स्वतः तोलून पाहिलं नाही." मग भिंगरीकडे वळून, सगळ्यांसमोर, "मी तुला खोटी म्हटलं. तू खरं लिहिलं होतंस. माझी चूक झाली." समासातलं लाल वाक्य खोडून खाली सही केली. फळा पुसला आणि म्हणाल्या, आता आठही टेबलांनी तोलायचं, आणि जो येईल तो आकडा लिहायचा.

माझी चार वाक्यं फुकट गेली. बाईचा राग करणं आता अवघड झालं, ह्याचाही रागच आला.

भिंगरीचे डोळे भरले होते. पण पाहत होती ती बाईंकडे, माझ्याकडे नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सगळं मिळालं, तरी तोंड फुगलेलंच. सकाळपासून 'हो', 'नाही', 'ठेव तिथे' एवढंच. मी टेबलावर बसले की ती उठते. साखर पाण्यात विरघळते तेव्हा वजनाचं काय होतं, ते दाखवायला ग्लास आणि काटा मांडून ठेवला. एरवी धावत आली असती. म्हणाली, "नंतर." नंतर आलीच नाही. ग्लासात मुंगी पडली.

चिरंजीव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आई, तू तिला काही बोलली होतीस का?"

मी? मीच तर भांडले तिच्यासाठी! शाळा, दुकान, सोनार, हे पाय कुणाचे झिजले? बोलणं तर बाईंनी केलं होतं, आणि त्यांच्याशी आता पोरीची गट्टी! आज मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आमच्या बाई ना, एकदम सॉलिड आहेत." आमच्या बाई!

पाच दिवसांत मी जेवढी दमले नव्हते, तेवढी आजच्या एका दिवसात दमले.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळच्या चहाच्या कपाखाली कागद. प्रयोगवहीचं रेघांचं पान, पट्टी लावून फाडलेलं. जन्मापासून मला 'तू' म्हणत आलेली पोर. जसंच्या तसं उतरवते:

'बुधवार, १९ नोव्हेंबर, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघर. आईबाबांसमोर तुम्ही मला विचारलंत, आकडे बनवले नव्हतेस ना. बाई मला फारसं ओळखत नव्हत्या. तुम्ही ओळखत होतात. बाईंनी चूक कबूल केली. तुम्ही केलेली नाही. उत्तर तोंडी चालणार नाही, लेखी हवं. मुदत: सोमवार, सकाळी साडेसात.'