कुस्कोचा चौक आणि आपला बांध

प्रिय दादा,

अकरा वर्षं आपण बोललो नाही, त्यामुळं सुरुवात कशी करावी तेच सुचेना. सोमवारी आपल्या बांधाची मोजणी आणि मी पेरू देशात लेकीकडं येऊन बसलोय. गावात सांगितलं, वैष्णवी बोलावते म्हणून चाललो. खरं तर त्या दिवशी तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

हे कुस्को गाव डोंगरात लई उंचावर, दहा पावलं चाललं की दम लागतो. काल वैष्णवीनं जुना चौक दाखवायला नेलं. दोन बाजूंना दगडी चर्च, भोवती कमानी, वर लाकडी सज्जे. दिंद्रुडचा अख्खा बाजार मावेल एवढी मोकळी जागा. मी म्हटलं, केवढा मोठा! तर गाइड हसला. म्हणाला, हा निम्माच आहे. इंका राजांच्या वेळी दुप्पट होता. स्पेनचे लोक आले, त्यांनी चौकातच घरं बांधली. आता सगळ्यांना वाटतं, चौक पहिल्यापासून एवढाच. वैष्णवी हे मराठीत सांगत होती आणि मी तिथंच पायरीवर बसलो. उंचीचा त्रास समजून तिनं गरम चहा आणून पाजला. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

दादा, मीही तेच केलं. दरसाल बांध कोरून नांगराचं एक तास तुझ्या रानात सरकवलं. तू बोलला नाहीस, तशी भीड चेपली. मग एका उन्हाळ्यात हद्दीचा दगडच उपटून पाच पावलं तुझ्याकडं रोवला. तू ओरडलास, तर मारुतीच्या पारावर चार माणसांत बापाच्या हक्कानं आबा तुलाच म्हणाले, "बिभीषण, धाकट्या भावावर आळ घेतो व्हय? लाज न्हाई वाटत?" तुला माझ्यापुढं हात जोडायला लावले. मी मान खाली घालून उभा होतो, लोकांना वाटलं किती सोसतो. आबा मरेपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाहीत.

सोमवारी माझ्या माणसांनी सांगायचं ठरलं होतं, दगड आबांनीच रोवलेला. आबा काही नाही म्हणायला येणार नव्हते. पण आता थकलो रे.

मोजणीवाले रेघ दाखवतील, दगड कुणी सरकवला ते सांगणार नाहीत. म्हणून हे पत्र. वैष्णवीला वाचायला दिलंय. ती याचा फोटो तुझ्या पप्पूच्या मोबाइलवर पाठवील. मोजणीआधी माणसं पारावर बोलाव आणि पप्पूला हे मोठ्यानं वाचायला लाव. तेव्हा तू हात जोडून उभा होतास. या वेळी बसून ऐक.

तुझाच धाकटा,
बद्री