मागचं डावं चाक

अण्णा,

“तू नुसतं पायडल दाब, खाली तुझं काम न्हाई,” असं तुम्ही मला म्हणाला होता. मी तेव्हा सातवीत. तलवाड्याच्या घरासमोर तुमची ॲम्बेसेडर जॅकवर चढवलेली, मागच्या चाकाशी तुमचे फक्त पाय दिसतायत, आणि मी सीटच्या कडेवर घसरत स्टेअरिंग धरून बसलेय. तुम्ही “दाब” म्हणता, मी दाबते. “सोड” म्हणता, सोडते. खाली काय चाललंय विचारलं की तुम्ही म्हणता, “ध्यान पायडलवर ठेव.” रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तुम्ही ब्रेक जुळवायला शिकवलंत. मला नाही.

आता त्याच जागी मी तीन दिवस पाठीवर पडून आहे. सोमवारी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यायचीय. मागच्या वेळी मागचे ब्रेक धरत नाहीत म्हणून परत पाठवली. या वेळी नापास झाली तर सरळ भंगारात द्या, असं तिथला माणूस तोंडावर म्हणाला. तुम्ही गेल्यावर गावात असल्या जुन्या ब्रेकला हात लावणारं कुणी उरलं नाही, म्हणून पाना माझ्या हातात आला. चाकामागच्या पत्र्यावरचा चौकोनी डोक्याचा बोल्ट चाक जाम होईपर्यंत आवळायचा, मग टक टक करत मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरलं की थांबायचं. नंतर पायडल दाबून आतले लायनर, म्हणजे चाक धरणाऱ्या पट्ट्या, जागेवर बसवायचे आणि पुन्हा बोल्ट बघायचा. पायडल दाबायला मीच, चाक फिरवायला मीच. दर वेळी उठा, बसा, परत खाली. उजवं चाक पहिल्याच दिवशी जमलं. डावं काही केल्या सुटेना. बोल्ट पार सैल केला तरी चाक घासतच राही. आई ओसरीवरून म्हणाली, “तुझ्या बापानं च्या निवायच्या आत केलं असतं.” मी पाना अंगणात भिरकावला आणि मग स्वतःच शोधत बसले.

आज सकाळी शेजारचे काका आले, तुमच्याबरोबर भाड्याच्या गाड्या चालवायचे ते. उकिडवे बसून त्यांनी चाक हातानं ढकलून पाहिलं.

“ताई, हँडब्रेक वडला व्हता का?”

“जॅक लावताना ओढला होता. नंतर सोडला की.”

“तुमी सोडला, त्यानं कुठं सोडलंय? अण्णा त्याला कधी शिवलेच न्हाईत. चाकाला दगड लावायचे. आतली तार गंजली आसंल. आन तुमी तीन दिस बोल्टाशी भांडत बसलाव.” ते लई वेळ हसत होते.

माझ्या नव्या गाडीवर हँडब्रेक ओढायची सवय, दुसरं काय. तुमचा तो दगड मी लहानपणभर पाहिला, पण तो का लावायचा हे तुम्ही कधी सांगितलं नाही. ‘हँडब्रेकला हात लावू नको’ एवढं एकच वाक्य हवं होतं, अण्णा. तारेच्या टोकाशी तेल सोडलं, हातोडीनं हलकं ठोकलं, आणि चाक सुटलं. बोल्ट पुन्हा आवळला, दोन टक मागे घेतला. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तुमचा राग आला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. आईला वाटतं, गाडी घरात राहावी म्हणून मी एवढी खपतेय. तसं नाही. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांना मी ती विकत देते म्हणून सांगून बसलेय, फक्त पास होऊ द्या म्हणाले ते. गाडीखाली पडल्यापडल्या मला कळलं की मला गाडी कधी आवडलीच नव्हती. तुम्ही खालून मला हाक मारायचा, ते आवडायचं. ती हाक गाडीबरोबर ठेवून घेता येत नाही. विकायचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचा, “ती काय म्हैस हाय, बाजारात न्यायला?” आताही तेच म्हणाल, माहीत आहे. तरी मागते. सोमवारी ती पास झाली, तर मला ती विकू द्या.